ठिकाण आणि तारीख

पोरी,

कोकणातल्या वेळासला समुद्री कासवाची पिल्लं पाहून आलीस, आणि कॉलेजात प्रकल्पाला मिळाली गोगलगाय. तेव्हापासून तुझं जेवणात लक्ष नाही, असं तुझी आई सांगत होती. तू विचारलंस, “गोगलगायीसाठी कोणी तिकीट काढून येतं का सर? यात काम काय आहे?” नाही येत. मग?

कासवाचे हाल खोटे नाहीत. ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाची मादी शंभराच्या आसपास अंडी घालते, ती कुत्री-कोल्हे उकरतात, मोठी कासवं ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरतात. पण 2002 पासून वेळासची माणसं घरटी राखताहेत. किती पिल्लं पाण्यात गेली हे वहीत असतं.

पण काही गोगलगायींची अख्खी जात एखाद्या दरीत मावते. प्रशांत महासागरात ताहितीशेजारच्या मोरेआ बेटावर पार्टुला नावाच्या, बोटाच्या पेराएवढ्या गोगलगायी होत्या. शेतात आफ्रिकन गोगलगाय माजली म्हणून 1977 मध्ये तिला खाणारी दुसरी, शिकारी गोगलगाय तिथं सोडली. तिनं पार्टुलांवरच ताव मारला. दहा वर्षांत रान रिकामं. काय गेलं हे नेमकं सांगता आलं, कारण क्रॅम्प्टन नावाच्या माणसानं दरीदरीतले शंख मोजून 1932 च्या ग्रंथात ठिकाणासकट मांडले होते. प्राणिसंग्रहालयांत जगवलेल्या पार्टुला 2015 पासून बेटांवर परत सोडताहेत.

ठिकाण आणि तारीख. बाकी सगळं मागाहून.

माझ्या माळ्यावर बिस्किटाचा पत्र्याचा डबा आहे. बत्तीस वर्षांच्या नोकरीत पावसाळ्यात वेचलेले शंख. नाल्यावरचे, बांबूच्या बेटातले. एकालाही चिठ्ठी नाही. ‘राहील लक्षात’ म्हणायचो. आता बांबू गेला, तिथं लेआउट पडलं, आणि डब्यातला कोणता शंख तिथला, हे मलाच सांगता येत नाही. का नाही लिहिलं? तीन एकर पऱ्हाटी, आईचा दमा, शाळेचे कागद. जनगणनेला दारोदार फिरून माणसं मोजली, पण शंखाला चिठ्ठी लावायला सवड नव्हती! तू माझ्या जागी असतीस तर तूही लिहिलं नसतंस. असो. तू माझ्या जागी नाहीस.

मागच्या खरिपात सोयाबीनवर शंखी गोगलगाय तुटून पडली. चुंगडीभर वेचून मिठाच्या पाण्यात मीच बुडवल्या, यंदाही बुडवीन. कास्तकाराला दुसरा इलाज नाही. ती तीच आफ्रिकन, परकी, 1847 मध्ये कोलकात्यात आणली गेली, तिथून पसरली. पण त्याच चुंगडीत धुऱ्यावरच्या चपट्या, बारीक गोगलगायीही गेल्या. त्या कोणत्या होत्या? मी विज्ञानाचा मास्तर, मला ठाऊक नाही. आणि तू मला विचारतेस की यात काम काय आहे!

पुन्हा सांगतो, आणि कंटाळा आला तरी ऐक. ठिकाण आणि तारीख. कोणत्या धुऱ्यावर, कोणत्या झाडाखाली, पाऊस पडून किती दिवस झाले. नाव मागाहून कोणीतरी सांगेल, ठिकाण कोणीच सांगणार नाही.

मिरगाचा पाऊस पडला की सकाळी लवकर ये. नाल्याकडून सुरुवात करू. चिठ्ठ्या कापून आण, आणि पेन नको, पेन्सिल आण. शाई ओल्यात पसरते.

तुझा,
सर