आठ म्हणजे आठ

मित्रा,

तुझा मेल दोनदा वाचला आणि सोबतची प्रोजेक्ट फाइलही उघडली. ११२ ट्रॅक. ज्याँ-मिशेल जारच्या 'ऑक्सिजीन' या सिंथेसायझरवरच्या अल्बमचा चौथा भाग तू परत करतोयस, मूळचा जेमतेम चार मिनिटांचा, आणि त्याला ११२ ट्रॅक, म्हणजे आवाजाचे ११२ वेगवेगळे थर. आणि विचारतोयस काय, तर व्हीसीएस थ्री या जुन्या सिंथेसायझरची कॉम्प्युटरवर नक्कल करणारं कुठलं प्लगिन सगळ्यात खरं वाटतं. राग नाही आला, वाईट वाटलं. तुझे कान चांगले आहेत आणि तू वर्षभर ते मेनू उघडबंद करण्यात घालवलंस.

प्लगिन कुठलंही घे. ट्रॅक आठ घे. आठ म्हणजे आठ.

ज्याँ-मिशेल जारने १९७६ साली हा अल्बम पॅरिसमधल्या घरातच उभारलेल्या स्टुडिओत केला, स्कली कंपनीच्या आठ ट्रॅकच्या टेप मशीनवर, हे तुला माहितीच आहे, तुझ्या मेलमध्ये वाद्यांची अख्खी यादी आहे. पण आठच ट्रॅक असले की माणसाचं काय होतं याचा विचार केलास का? बासचा टेक नाही आवडला तर त्याच्यावरच पुन्हा वाजवायचं, जुना गेला तो गेला. जागा संपली की तीन ट्रॅक मिसळून एकावर उतरवायचे आणि ते तीन मोकळे करायचे, आणि एकदा उतरवलं की नंतर कितीही वाटलं तरी त्यातला एकटा बास वर काढता येत नाही, वर प्रत्येक उतरवणीला टेपची सरसर वाढते ती वेगळीच. म्हणजे वाजवतानाच ठरवावं लागतं. तू काहीच ठरवलेलं नाहीयेस. तुझ्या फाइलमध्ये मुख्य सुरावटीचे चौदा टेक आहेत आणि चौदाही चालू आहेत!

ठेक्याचं घे. कॉर्गच्या मिनी पॉप्स या ठेक्याच्या मशीनमध्ये ठेके आधीच भरलेले असतात, आपला ठेका लिहायची सोयच नाही. जारने काय केलं, दोन ठेक्यांची बटणं चिकटपट्टी लावून एकदम दाबून ठेवली, आणि त्या दोघांच्या मिसळण्यातून ती चाल आली. तू त्याच मशीनचे सॅम्पल आणलेस आणि प्रत्येक ठोका सुटा करून सोळा ट्रॅकवर पसरवलास आणि आता म्हणतोस ठेका निर्जीव वाटतोय. वाटणारच ना. दोन ठेके एकत्र कर, एका ट्रॅकवर उतरव, पुढे चल. तसंच त्या स्ट्रिंग्जचं, एमिनंटचा ऑर्गन गिटारवाल्यांच्या स्मॉल स्टोन फेझरमधून, म्हणजे आवाज लहरवणाऱ्या पेडलमधून काढलेला. एक वाद्य, एक पेडल. तुझ्याकडे त्याचे नऊ थर आहेत.

तू म्हणशील की जारने स्वतः २००७ मध्ये हा अल्बम परत रेकॉर्ड केला तेव्हा कॉम्प्युटर होतेच की. होते. तरी त्याने जुनीच वाद्यं बाहेर काढली, आणि फिल्मसाठी आणखी तिघांना घेऊन अख्खा अल्बम हातांनी वाजवला, मागे तयार ट्रॅक न लावता. चार माणसं, आठ हात. आणि वेंडी कार्लोसचं उदाहरण देऊ नकोस, ते माझ्याच बाजूचं आहे. १९६८ ला मूग सिंथेसायझरवर एका वेळी एकच स्वर वाजायचा, तोही सारखा उतरायचा, परत लावत बसायचं, तसा स्वरावर स्वर ठेवून तिने बाखच्या रचनांचा अल्बम उभा केला. १९९२ ला डिजिटल वाद्यांवर परत केला, पण तेव्हा आजचं सरसकट समान ट्युनिंग सोडून जुन्या काळच्या पद्धतींनी स्वर लावले. साधनं बदलली तरी स्वतःला बांधून घेणं सोडलं नाही.

आता माझं सांगतो, हे मी फारसं कुणाला सांगत नाही. तेविसाव्या वर्षी मी आणि एका मित्राने चार ट्रॅकच्या कॅसेट मशीनवर एक अल्बम केला होता. सव्वीस वर्षांनी मी तो एकट्याने कॉम्प्युटरवर परत करायला घेतला आणि त्यात चार वर्षं गेली. सगळं सुरात आणलं, सगळं तालात बसवलं. तिसऱ्या तुकड्यात एक लांब स्वर होता, मूळ टेकमध्ये सिंथेसायझर तापून तो स्वर घसरायला लागला तेव्हा मी वाजवता वाजवता दुसऱ्या हाताने नॉब फिरवून त्याला ओढून वर आणला होता. नव्यात तो स्वर सरळ, स्वच्छ. मित्राने ऐकलं आणि नेमका तिथे थांबवून म्हणाला, इथे काहीतरी व्हायचं ना रे? तोपर्यंत मी मूळ टेप टाकून दिल्या होत्या, नवं झालंय म्हणून. ती चूक माझ्या मनातून गेलेली नाही.

नवं मी बाहेर काढलं नाही. घाबरलो असं काहीजण अजून म्हणतात. घाबरलो नव्हतो, जे चार वर्षांत एकदाही ठरवून वाजवलं नाही ते लोकांना का ऐकवायचं, आणि हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणेन. कदाचित तुझ्यावर इतका चिडतोय तो त्यामुळेच, तुझ्या फाइलमध्ये मला माझीच फाइल दिसली.

तर जुनी फाइल जपून ठेव, काही पुसू नकोस, पण ती उघडूही नकोस. नवी घे. आठ ट्रॅक. क्वांटाइझ, म्हणजे कॉम्प्युटरने ताल सरळ करणं, बंद, चुकलं तर पहिल्यापासून वाजव. आठात बसत नसेल तर काहीतरी काढ, नववा मागू नकोस. ऑसिलेटर, म्हणजे सिंथेसायझरचा स्वर काढणारा भाग, घसरला तर हाताने सावर, आणि सावरलेलं राहू दे.

रविवारपर्यंत चौथा भाग पाठव, कच्चा असला तरी चालेल. मी आधी ट्रॅक मोजणार आणि मग ऐकणार.

तुझा,
काका