'नाद करा, पण नीतीनं करा' : नीती म्हणजे मर्यादाच का?

प्रश्न असा आलाय : "आमच्या तालमीतले वस्ताद पोरांना नेहमी सांगतात, 'नाद करा, पण नीतीनं करा.' नीती म्हणजे मर्यादाच ना? मग नाद आणि नीती एका वाक्यात कसे? नीतीनं वागायचं म्हटलं की आयुष्यातली निम्मी मजा गेलीच की." विचारणारा कोल्हापुरातलाच, विशीतला मुलगा आहे.

वस्तादांच्या वाक्यातला प्रत्यय आधी बघा. "मर्यादेत राहून" असं आपण म्हणतो. तिथं सप्तमी आहे, म्हणजे मर्यादा ही एक जागा झाली आणि आपण तिच्या आत. "नीतीनं" ही मात्र तृतीया. 'गाडीनं गेला', 'बिंदू चौकाच्या रस्त्यानं गेला', 'हातानं जेवला', यातली तीच तृतीया. ज्याच्या योगानं काम होतं ते तृतीयेत येतं. नाद कुठं थांबवायचा हे वस्तादांनी सांगितलेलंच नाही. कशानं करायचा तेवढं सांगितलंय.

व्युत्पत्तीही याच बाजूनं बोलते. संस्कृतात 'नी' धातूचा अर्थ नेणे. नेतो तो नेता आणि नायक, वाट दाखवत नेतो तो डोळा म्हणून नेत्र, मुलाला गुरूजवळ न्यायचं ते उपनयन. आणि याच घरात अभिनय, परिणय, प्रणयही राहतात. अग्नीभोवती नेणं म्हणून परिणय. नीती आणि प्रणय एकाच धातूची लेकरं आहेत हे मला पहिल्यांदा कळलं, तेव्हा मी कोश मिटून बराच वेळ नुसता बसून राहिलो होतो. भर्तृहरीच्या नावावर नीती, शृंगार आणि वैराग्य अशी तिन्ही शतकं आहेत, त्यात त्या काळच्या वाचकाला काही विसंगत वाटलं नसणार.

मर्यादेचा मूळ अर्थ मात्र खरोखरच हद्द, सीमा, काठ. समुद्र मर्यादा सोडत नाही म्हणतात ती ही. दोन्ही शब्द चांगले आहेत, पण एकाच्या जागी दुसरा ठेवला की तुमच्यासारखा प्रश्न उभा राहतो.

मग ही सरमिसळ झाली कशी? हिंदीत 'आर्थिक नीति' म्हणतात तिथं आपण 'आर्थिक धोरण' म्हणतो. राजनीती, रणनीती, कूटनीती या जोडशब्दांत नीतीचा तो 'काम पुढं नेण्याची पद्धत' हा अर्थ अजून जिवंत आहे. पण मराठीत सुटा 'नीती' शब्द चांगल्या-वाईट वागणुकीपुरता उरला. इथवर ठीक होतं. त्यानंतर वर्तमानपत्रांनी तो आणखी आवळला. 'अनैतिक संबंधातून खून' हा मथळा आपण इतक्यांदा वाचलाय की अनैतिक म्हटलं की डोळ्यांपुढं दुसरं काही येतच नाही. उसाच्या वजनात काटा मारतात त्याला आपण काटामारी म्हणतो, दुधात पाणी घालतात त्याला भेसळ म्हणतो. अनैतिक कुणी म्हणत नाही. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या घामातून वजन चोरणं अनैतिक नाही आणि दोन माणसांचं प्रेम तेवढं अनैतिक, ही शब्दाची फार मोठी हानी आहे. नीती सुखाच्या आड येते असं वाटायला लागलं ते यामुळंच.

रोजच्या बोलण्यातली मराठी याहून शहाणी आहे. घराघरात 'नैतिकता' म्हणत नाहीत. 'चालचलन' म्हणतात, 'वळण चांगलं आहे' म्हणतात, 'सरळमार्गी माणूस', 'वाईट मार्गाला लागला', 'वाया गेला' म्हणतात. सगळे शब्द चालण्याचे, वाटेचे. आचार आणि चारित्र्य हेही 'चर्', म्हणजे चालणे, यातूनच आलेले. आणि नीतीची व्याख्या विचाराल तर आमच्या आजीच्या तोंडी होती ती मला पुरते : 'जनाची नाही, निदान मनाची तरी लाज बाळग.' एवढ्याशा वाक्यात दोन न्यायालयं आणि त्यातलं वरचं कुठलं तेही सांगून झालं.

आता मजेकडे येऊ. 'मजा' फारसीतून आला, तिथं त्याचा अर्थ चव. अरबी-फारसीतला 'हवस' हिंदीत वासना होऊन बसला, मराठीत त्याचीच 'हौस' झाली : लेकराच्या बारशाची हौस, हौशी नाटक, हौसेला मोल नाही. आपल्या भाषेनं सुखाच्या शब्दाला इतक्या मायेनं वागवलंय. 'नाद' तर मुळात ध्वनी. 'नादी लागला' वाईट, पण 'त्याला कुस्तीचा नाद हाय' यात कौतुक आहे, आणि 'नाद खुळा' ही तर आमच्याकडची सगळ्यात मोठी शाबासकी.

लहानपणी वडिलांबरोबर गंगावेशीत दूध कट्ट्यावर जायचो. तिथं एक म्हातारे पैलवान यायचे. म्हशीची धार थेट पेल्यात, वर फेस, आणि डोळे मिटून एका दमात पेला रिकामा. मिशीवरचा फेस पुसत एकदा मला म्हणाले, "रातभर जागलं की पोरा, या दुधाला चव लागत न्हाई." त्यांच्या बोलण्यात 'नेम' हा शब्द सारखा यायचा. पहाटे उठायचा नेम, जोर-बैठकांचा नेम. नियमाचा 'नेम' झाला आणि दगड मारताना धरतो त्यालाही आपण नेमच म्हणतो. त्या माणसानं पाळलेलं पथ्य त्याच्या सुखातून काही वजा करत नव्हतं, त्याची चव तिथूनच येत होती.

तरी तुमची तक्रार मी पूर्ण खोटी म्हणणार नाही. पुष्कळदा नीती म्हणून जे गळ्यात घातलं जातं ती रीत असते. 'बाईमाणसानं मोठ्यानं हसू नये' ही रीत. नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं हीही रीतच, आणि पिढ्यान्‌पिढ्या ती नीतीच्या नावावर खपली. राजर्षी शाहूंनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं तर मे २०२२ मध्ये ठराव करून विधवांवरच्या या प्रथाच बंद केल्या. रीत मोडली, नीती वाढली. कुणी तुमच्या आनंदाच्या आड 'नीती' आणली तर आधी हे तपासा की तो शब्द तिथं लागू आहे, की 'रीत' म्हणायला हवं होतं.

लिहिताना एक लक्षात ठेवा. सुटा शब्द 'नीती', दोन्ही अक्षरं दीर्घ. पुढं संस्कृत शब्द किंवा संस्कृत प्रत्यय जोडला की दुसरं ऱ्हस्व : नीतिमान, नीतिमत्ता, नीतिशास्त्र. मराठी विभक्ती लागली तर मात्र दीर्घच. आणि तालमीच्या भिंतीवर वस्तादांचं वाक्य रंगवणार असाल तर 'नीतीनं' असंच लिहा. 'नीतीत राहून' करू नका, त्यानं अर्थ बदलतो.