सौदी-इराण समेट आणि ‘आखाती संघ’: दुबईच्या खाडीवरून दिसलेलं

तुमचा प्रश्न असा: २०२३ मध्ये बीजिंगला सौदी आणि इराणने हात मिळवले, मग युरोपसारखा आखाताचा संघ होईल का, की शिया-सुन्नी वैर तो होऊ देणार नाही? परीक्षेच्या निबंधासाठी हवंय म्हणालात.

माझ्या मते संघ होणार नाही. पण त्याचं कारण शिया-सुन्नी नाही. दुबईत बावीस वर्षं मालवाहतुकीच्या धंद्यात काढली आहेत, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी ते धर्माचं. १९७९ पूर्वी इराणवर राज्य करणारा शाहही शियाच होता. तरी अमेरिकेच्या हिशेबात तो आणि सौदीचा राजा हे आखाताचे दोन खांब. ओमानच्या धोफारमध्ये सुलतानाविरुद्धचं बंड मोडायला १९७३ मध्ये याच शाहने सैन्य पाठवलं. पुढे इराण-इराक युद्धात इराकच्या बाजूने लढून मेलेल्या शिपायांत शिया ढिगाने होते. धर्म भांडणात तेल ओततो हे खरं, पण काडी दुसरीकडून येते.

समेटाचंही तसंच. १९८७ ला हजच्या वेळी मक्केत चकमक होऊन चारशेवर माणसं गेली, पुढच्या वर्षी संबंध तुटले. १९९१ ला जुळले. १९९८ आणि २००१ ला करार झाले. २०१६ ला सौदीने आपल्याकडचे शिया धर्मगुरू शेख निम्र यांना मृत्युदंड दिला, तेहरानमध्ये जमावाने सौदी वकिलात जाळली, पुन्हा तुटले. बीजिंगला तेच दोन जुने करार झटकून बाहेर काढले गेले. शिवाय आधीच्या बोलण्यांच्या फेऱ्या बगदाद आणि मस्कतमध्ये झालेल्या. स्वयंपाक त्यांनी केला, वाढायला चीन उभा राहिला.

मग अडतं कुठे? आखाताच्या अरब बाजूने आपलं कुंपण अमेरिकेकडून घालून घेतलंय: बहारीनमध्ये आरमार, कतारमध्ये अल-उदेद हवाई तळ. इराणला ती मानेवरची सुरी वाटते. इराणने उत्तरादाखल क्षेपणास्त्रं आणि लेबनॉन-येमेन-इराकमधल्या सशस्त्र संघटना उभ्या केल्या, ती अरबांना मानेवरची सुरी वाटते. सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेलकेंद्रावर हल्ला झाला, बोट इराणकडे गेलं, सौदीचं जवळजवळ निम्मं तेल उत्पादन थांबलं आणि अमेरिकेने बदल्यात एक गोळीही झाडली नाही. रियाधचा सूर मवाळ व्हायला सुरुवात झाली ती तिथून. त्याच महिन्यात इराणचे तेव्हाचे अध्यक्ष रूहानी यांनी संयुक्त राष्ट्रांत होर्मुझ शांतता योजना मांडली: आखाताचं रक्षण आखातवाल्यांनीच करावं. ऐकायला छान. पण अरबांच्या कानाला ते ‘अमेरिका गेली की इथला थोरला भाऊ मी’ असंच ऐकू आलं.

आणि ‘अरब’ म्हणजे तरी एक कुठे? १९८१ ला सहा राजेशाह्यांनी (सौदी, संयुक्त अरब अमिराती, कतार, कुवेत, बहारीन, ओमान) आखाती सहकार्य परिषद काढली. भाषा एक, राज्यपद्धत एक, पैसा रग्गड. २०१० पर्यंत समान चलन आणायचं ठरलं होतं. ओमान आधीच बाहेर पडला. मध्यवर्ती बँक रियाधला बसणार म्हटल्यावर २००९ मध्ये अमिरातीने अंग काढून घेतलं. २०१७ ला सौदी, अमिराती आणि बहारीनने इजिप्तला सोबत घेऊन कतारची नाकेबंदी केली, ती साडेतीन वर्षं चालली. त्या काळात कतारची विमानं इराणच्या आकाशातून उडत होती. घरातल्या घरात ही तऱ्हा, तिथे शेजाऱ्याला ओसरीवर कोण घेणार?

गंमत म्हणजे तिथे एक चलन खरोखर चालून गेलंय, आणि ते आपलं होतं. कुवेत, बहारीन, कतार, दुबई, सगळीकडे भारतीय रुपया. सोन्याच्या तस्करीमुळे परकीय चलन गळायला लागलं म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, क्रमांकाआधी ‘झेड’ असलेल्या नोटा काढल्या. जून १९६६ ला आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि कतार, दुबईने तो सोडला.

आता खाडीवर या. दुबईच्या देरा भागातल्या धक्क्यावर फुटपाथलाच माल रचलेला असायचा: फ्रिज, टायर, चहाच्या पेट्या, डायपरचे गठ्ठे. वर फक्त ताडपत्री, आणि चोरी जवळपास नाही. लाकडी जहाजं तो घेऊन इराणच्या बंदर अब्बास, बंदर लेंगेला जायची. जहाजाच्या म्होरक्याला तिकडे ‘नाखुदा’ म्हणतात. आपल्या कोळ्यांचा नाखवा तोच. दुबईतले कितीतरी बडे व्यापारी मुळात लेंगे आणि बस्तकचे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इराणने जकात वाढवली म्हणून ते या किनाऱ्यावर आले. बस्तकिया मोहल्ल्याला नाव त्यांच्याच गावाचं. अबू मुसा आणि दोन तुंब ही बेटं इराणने १९७१ पासून दाबून ठेवल्याची तक्रार अमिराती आजही करते. २०१६ मध्ये अमिरातीने तेहरानमधला राजदूत परत बोलावला, त्या आठवड्यातही मी धक्क्यावर उभा होतो. भरणी चालूच होती. चौकशी केली तर एक म्हातारा नाखुदा वैतागून म्हणाला, राजदूत काय टायर नेतो का?

निबंधात सहसा कुणी लिहीत नाही अशी एक संस्था सांगतो. १९७८ ला कुवेतमध्ये समुद्र-प्रदूषणाबद्दल करार झाला, त्यातून ‘रोप्मे’ नावाची संस्था निघाली. किनाऱ्यावरचे आठही देश तिचे सदस्य आहेत, इराण-इराक धरून. त्या पाण्याला ‘पर्शियन’ म्हणायचं की ‘अरबी’, यावरून तिथे नकाशे फाडले जातात (आपण नुसतं ‘आखात’ म्हणून सुटतो). यांनी काय करावं? समुद्राला संस्थेचंच नाव दिलं: ‘रोप्मे सागरी क्षेत्र’! १९८३ मध्ये इराण-इराक युद्धात फुटलेल्या, इराणच्या समुद्रातल्या नवरोज तेलविहिरींचं तेल वाहत होतं तेव्हा विहिरी बुजवण्यापुरती युद्धबंदी काही जमली नाही, पण संस्था मोडली नाही, आजही आहे. कारण साधं आहे. कुवेत, कतार, बहारीनचं पिण्याचं पाणी मुख्यतः समुद्राचंच, खारेपण काढून घेतलेलं. आणि इराणची बुशहरची अणुभट्टी तेहरानपेक्षा कुवेत आणि दोह्याला जवळ आहे.

कतार आणि इराणमधलं जगातलं सर्वात मोठं वायूक्षेत्रही सामाईकच. पण तिथे एका विहिरीवर दोन मोटा, ज्याची त्याने ओढायची. इराकचं बसरा ते इराणचं शलमचे हा जेमतेम ३२ किलोमीटरचा रेल्वेमार्ग. बोलणी वर्षानुवर्षं चालली, पायाभरणी २०२३ ला झाली. इराक इराणकडून वायू घेतो आणि त्याच वेळी आखाती परिषदेच्या वीजजाळ्यालाही तार जोडतोय. माझी भिस्त असल्या तारांवर आणि रुळांवर जास्त आहे.

२०२५ ने मात्र जुनी गणितं हलवली. जूनमध्ये इस्रायलने इराणवर हल्ला केला तेव्हा सौदीने त्याचा निषेध केला. दहा दिवसांनी इराणची क्षेपणास्त्रं अल-उदेदवर आली. कतारने निषेध केला, संबंध तोडले नाहीत. सप्टेंबरमध्ये इस्रायलने थेट दोह्यावर बॉम्ब टाकले आणि जवळचा अमेरिकी तळ बघत राहिला. कुंपण घालणाऱ्यावरचा विश्वास तिथे पुरता डळमळला. म्हणून सौदी इराणला मिठी मारेल असं नाही. आठ दिवसांनी त्याने संरक्षण करार केला तो पाकिस्तानशी.

निबंधात एक सांभाळा: परिषदेचे सहा आणि किनाऱ्यावरचे आठ हे वेगळे आहेत. बरेच जण इराकला परिषदेत घालून मोकळे होतात आणि तिथेच गुण जातात.