चेतापेशीची प्रथिनं फक्त केंद्रकाजवळच बनतात, तर लांबच्या सिनॅप्सला (दोन चेतापेशींच्या सांध्याला) ती वेळेवर मिळतात कशी?

तुमच्या प्रश्नातलं 'फक्त' चुकीचं आहे, आणि त्या एका शब्दाने मला एमएस्सीच्या तोंडी परीक्षेत रडवलंय.

माझा प्रकल्प उंदराच्या हिप्पोकॅम्पसवर, म्हणजे मेंदूतल्या आठवणींशी संबंधित भागावर होता. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या एका फोटोत डेंड्राइटला (चेतापेशीच्या संदेश घेणाऱ्या फांदीला) जिथे काटा, म्हणजे सिनॅप्स धरणारा बारीक उंचवटा फुटतो, नेमक्या त्याच्या बुडाशी सहा-सात काळे ठिपके गुच्छ करून बसले होते. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "हा स्टेनचा कचरा. डेंड्राइटमध्ये कसले रायबोझोम?" रायबोझोम म्हणजे पेशीतली प्रथिनं बनवणारी यंत्रं. मी म्हटलं, सर, शिशाच्या स्टेनचा, म्हणजे रंगाचा कचरा लहानमोठा असतो, पेशीबाहेरही सांडतो. हे सगळे एका मापाचे आहेत, पंचवीसेक नॅनोमीटरचे. त्यांनी फोटो पालथा ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारला. माझे गाईड शेजारीच होते, गप्प बसले. ओसवाल्ड स्टुअर्ड आणि विल्यम लेव्ही यांनी १९८२ सालीच काट्यांच्या बुडाशी असे रायबोझोमचे गुच्छ दाखवले होते. त्या पेपरची झेरॉक्स माझ्या पिशवीत होती. काढायचा धीर झाला नाही. ते अजून सलतं.

ज्यांना फोटो पटत नाही त्यांच्यासाठी १९९६ चा कांग आणि शुमन यांचा प्रयोग आहे. त्यांनी हिप्पोकॅम्पसच्या चकतीत छेद देऊन सिनॅप्स पेशीकायांपासून (केंद्रक असलेल्या भागापासून) तोडले आणि वर बीडीएनएफ हे चेतापेशींना वाढवणारं प्रथिन सोडलं. सिनॅप्स तरीही बळकट झाले. प्रथिननिर्मिती रोखणारं औषध दिल्यावर मात्र झाले नाहीत. पेशीकाय तोडलेलाच होता, मग प्रथिनं आली कुठून? जागेवरच बनली.

म्हणजे पेशी तिथे एमआरएनए, म्हणजे प्रथिन कसं बनवायचं त्या सूचनेची प्रत पाठवून ठेवते. वाटेत तो बांधून, गप्प ठेवलेला असतो. सिनॅप्सवर संदेश आला की तो सुटतो, आणि एकाच एमआरएनएवरून प्रथिनाच्या कितीतरी प्रती निघतात.

तुमचे सर पुस्तकातल्या आकृतीवर बोट ठेवतील. वाद घालू नका, १९८२ चा पेपर समोर ठेवा आणि ठिपके त्यांनाच मोजू द्या. गाईड बोलतील म्हणून थांबू नका.

एक मात्र आहे. पेशीकायेतून तयार प्रथिनंही जातातच. अॅक्सॉनमधली (संदेश पुढे नेणाऱ्या लांब तंतूतली) जलद वाहतूक दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत जाते, पण पेशीच्या आतल्या सांगाड्याची प्रथिनं दिवसाला काही मिलिमीटरच सरकतात.