कमी पैशांत चांगला, पण फारसं कोणी नाव न घेणारा दाढीचा ब्रश कोणता? (सगळे बॅजर या प्राण्याच्या केसांचा घ्या म्हणतात, तेवढं बजेट नाही.)

ओमेगा 10049. इटलीतल्या बोलोन्याचा, डुकराच्या केसांचा.

बॅजरवाल्यांशी माझं जुनं भांडण आहे, म्हणून आधी तेच. स्वस्तातला ‘प्युअर बॅजर’ टोचतोही आणि लोळतोही. प्युअर, बेस्ट, सिल्व्हरटिप ही नावं प्रत्येक कंपनी आपापल्या मर्जीने लावते, त्यांना ठरलेलं माप नाही. बजेट नसेल तर बॅजरच्या वाटेला जाऊच नका.

डुकराच्या केसांवरचा आक्षेप एकच: टोचतात. टोचतातच, पहिले पंधरा दिवस. या केसाचं टोक वापराने आपोआप चिरतं, एकाचे दोन-तीन धागे होतात आणि मऊपणा त्या चिरलेल्या टोकांतूनच येतो. बुडाशी केस ताठ तो ताठच राहतो, त्यामुळे कडक साबणही भराभर उचलतो. लोक चौथ्या दिवशी ब्रश कपाटात टाकतात आणि आयुष्यभर शिव्या देतात.

नवा ब्रश आला की शाम्पूने धुवा, कारण ओला डुक्कर वास मारतो. आठवडाभरात वास जातो. मग रोज कोमट पाण्यात चार-पाच मिनिटं भिजवा, फक्त केस बुडतील इतकंच, मुठीपर्यंत पाणी नको. साबणावर फिरवून तळहातावर फेस करा, दहा मिनिटं तसाच ठेवा, धुवा आणि पूर्ण वाळू द्या. दाढी करायची नसली तरी करा. भिजणं-वाळणं जितक्या वेळा होईल तितकी टोकं लवकर चिरतात. साधारण पंधरा-वीस फेसांनंतर ब्रश बदललेला जाणवतो. टोकं भिंगाखाली बघा, झाडूसारखी फुटलेली दिसतील.

सुरुवातीला ब्रश फेस ‘खातो’. वाटीत भरपूर दिसतो, गालावर येईपर्यंत गायब. केस नीट भिजलेले नसले की ते फेसातलंच पाणी ओढतात, दुसरं काही नाही. त्यात या ब्रशची गाठ (मुठीत बसवलेल्या केसांच्या जुडग्याची जाडी) सुमारे 27 मिमी आणि केस 65 मिमीच्या आसपास, म्हणजे आकार मोठा. बदामाएवढं क्रीम पुरत नाही, दुप्पट घ्या. केस लांब असल्याने ब्रश लोळतो असं वाटलं तर मूठ सोडून केसांच्या बुडाशी धरा, लगेच ताबा येतो.

आखूड, दाट हवा असेल तर पोर्तुगालचा सेमोग 1305, गाठ 21-22 मिमी. गालावरच फेस करणाऱ्यांना हा जास्त आवडेल, पण रुळायला ओमेगापेक्षा जास्त वेळ घेतो.

बोअरवेलचं जड पाणी असेल तर ब्रश कोणताही असो, साबणाचा चुना केसांत बसतो आणि फेस पातळ होतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा कपभर कोमट पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून पाच मिनिटं बुडवा.

स्टँड हा निव्वळ शोभेचा प्रकार. वारा महत्त्वाचा. झटकून, टॉवेलवर पुसून खिडकीत उभा ठेवा, बाथरूमच्या बंद कपाटात नको. कोकणातल्या पावसाळ्यात एवढी जाड गाठ एका दिवसात वाळत नाही, तेव्हा दिवसाआड वापरा नाहीतर कुबट वास धरेल.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. डुकराचा केस धर्माने किंवा मनाने चालत नसेल, सकाळी पाच मिनिटांत दाढी उरकायची असेल किंवा सारखा प्रवास असेल, तर ‘याची’ (Yaqi) या कंपनीचा 24 मिमी सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम केसांचा ब्रश घ्या. भिजवावा लागत नाही, तासाभरात बराचसा वाळतो, पहिल्या दिवसापासून मऊ. फक्त वापरण्याआधी दोनदा जोरात झटका. तो पाणी शोषत नाही, केसांमध्ये धरून ठेवतो आणि मग फेसाची लस्सी होते. कडक साबणावर मात्र मला तो गुळगुळीत वाटतो, घासल्याचं समाधान नाही. पण हा हट्ट माझा, तुमचा असेलच असं नाही.

पहिल्या काही दाढ्यांत चार-दोन केस गळणं साहजिक आहे. महिन्यानंतरही रोज पाच-सहा गळत असतील तर गाठीचा गोंद सुटलाय, बहुधा उकळतं पाणी वापरल्यामुळे. असा ब्रश सायकलची चेन घासायला ठेवा. देवाची भांडी मात्र नको, डुकराचा आहे.