दम्याची जनुकं, हृदयाची जनुकं आणि वडिलांचा बंद केलेला पंप

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ६१ वर्षांचे, चाळिशीनंतर दमा लागला, उमेदीची वर्षं करवीर तालुक्यात गुऱ्हाळावर गेली. गेल्या वर्षी चुलत्यांना हार्ट अटॅक आला. दमा आणि हृदयविकाराची जनुकं एकच असतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून जनुकीय तपासणी करावी का? आणि पंपाने हृदयावर ताण येतो म्हणून वडिलांनी तो आपणहून बंद केलाय, ते बरोबर आहे का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. रोजचा पंप, ज्यात बुडेसोनाइडसारखं स्टेरॉइड असतं, तो आजच पुन्हा सुरू करायला लावा आणि या आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. धाप लागल्यावर घ्यायच्या साल्ब्युटामॉलने छातीत धडधडतं, हात थरथरतात, हे खरं आहे. पण तो पंप सारखा लागतो, तेव्हा रोजचा पंप कमी पडतोय किंवा घेतलाच जात नाही असं समजायचं. पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये असतं आणि थेट फुप्फुसात जातं. पंप सोडून लोक प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्यांवर दिवस काढतात, त्या मिलिग्रॅममध्ये असतात आणि साखर, रक्तदाब, वजन सगळं वाढवतात. थिओफिलिन या दम्याच्या जुन्या गोळीची मात्रा जास्त झाली तर ठोक्यांची लय बिघडते. हृदयाची काळजी असेल तर या गोळ्यांची करा.

आता जनुकं. मी तीस वर्षं कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे इथे जरा लांबतो.

दमेकऱ्यांत हृदयविकार जास्त दिसतो, हे अनेक पाहण्यांत आढळलंय. अमेरिकेतल्या ‘मेसा’ या दीर्घ अभ्यासात रोज औषध लागणाऱ्या दमेकऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या मानेच्या धमनीत चरबीचे थर होते. दमा नसलेल्यांत निम्म्यांच्या. पण यावरून दम्यानेच धमनी खराब केली असं ठरत नाही. गुऱ्हाळावरचाच माणूस घ्या. चुलवाणात चिपाडं घालताना वर्षानुवर्षं धूर छातीत जातो, सोबत तंबाखू असते, धाप लागते म्हणून चालणं सुटतं, वजन वाढतं, वर स्टेरॉइडच्या गोळ्या. यातलं हृदय कशाने बिघडलं ते वेगळं कसं काढणार?

इथे जनुकं कामाला येतात. भिशीची चिठ्ठी निघते तेव्हा ती कोण श्रीमंत, कोण व्यसनी हे बघत नाही. आईबापाची जनुकं मुलात उतरतात तीही अशीच, आणि पुढे माणूस गुऱ्हाळावर राबला काय किंवा बँकेत बसला काय, ती चिठ्ठी बदलत नाही. मग दम्याकडे झुकवणाऱ्या चिठ्ठ्या ज्यांना जास्त मिळाल्या, त्यांना हृदयविकारही जास्त होतो का, एवढंच बघायचं. १९८६ मध्ये मार्टाइन काटान यांनी कोलेस्टेरॉल आणि कॅन्सरच्या संदर्भात ही कल्पना ‘लॅन्सेट’मधल्या एका पत्रात मांडली, आज तिला मेंडेलियन रँडमायझेशन म्हणतात. तिने मोठी कामं केलीत. हृदयरोग्यांच्या रक्तात सीआरपी हे दाह दाखवणारं प्रथिन वाढलेलं असतं, पण जन्मतः सीआरपी वाढवणारी जनुकं हृदयविकार वाढवत नाहीत, म्हणजे सीआरपी हे कारण नव्हे. उलट एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, जन्मभर कमी ठेवणारे पीसीएसके९ जनुकातले बदल हृदयाला स्पष्टपणे वाचवतात.

दम्याबाबत मात्र असा स्वच्छ निकाल लागलेला नाही. अभ्यास बरेच झाले, त्यांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. का, ते एका जनुकावरून छान कळतं. आयएल-६ या दाहाच्या निरोपाला पेशीवर पकडणारा जो ग्राहक असतो, त्याच्या जनुकात एक नेहमी आढळणारा बदल आहे. त्याने ग्राहक पेशीवरून सुटून रक्तात जास्त जातो आणि पेशीत निरोप कमी पोचतो. २०११ मध्ये याच बदलाने दम्याचा धोका किंचित वाढतो असं दिसलं. २०१२ मध्ये मोठ्या अभ्यासांतून कळलं की त्यानेच हृदयविकाराचा धोका कमी होतो. एकच चिठ्ठी, पण दोन अवयवांना उलटं दान! वर्गात हे सांगायचो तेव्हा मुलं पुन्हा विचारायची, सर, खरंच?

आइसलँडमधल्या २००९ च्या कामातही असंच. इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या जनुकीय खुणांपैकी काही दम्याशी जुळल्या, आणि १२ व्या गुणसूत्रावरची एक हार्ट अटॅकशी. म्हणून ‘जनुकं एकच’ हे वाक्य सोडून द्या. काही धागे सामाईक आहेत, काही उलटे ओढतात. शिवाय दमा हा एकच आजार नाही. २००७ मध्ये सापडलेली १७ व्या गुणसूत्रावरची प्रसिद्ध जागा मुख्यतः लहानपणी सुरू होणाऱ्या दम्याची. चाळिशीनंतर धुरात सुरू झालेल्या धापेला ती कितपत लागू पडणार?

तपासणी करू नका असंच मी सांगेन. अशा तपासणीत जनुकांवरून आजाराच्या धोक्याला जे गुणांक देतात, ते ज्या माहितीवर बेतलेत ती बहुतेक युरोपीय वंशाच्या लोकांची. लोकांची जनुकं आणि आरोग्याची माहिती साठवणाऱ्या ब्रिटनच्या बायोबँकेत पाच लाख माणसं आहेत, त्यात आपल्यासारखी फार थोडी. आपल्याकडे वेगळंही काही असतं. एमवायबीपीसी३ या जनुकातला २५ अक्षरं गळालेला बदल दक्षिण आशियात सुमारे ४ टक्के लोकांत सापडतो, हृदयाचा स्नायू दुबळा होण्याशी जोडला गेलाय, आणि युरोपीयांत जवळजवळ नसतोच. जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, वाचलेत, पुढे काम होईल. अपवाद एकच: चुलत्यांना पंचावन्नच्या आत अटॅक आला असेल आणि घरात कुणाचं एलडीएल १९० च्या वर असेल, तर वंशागत कोलेस्टेरॉलची तपासणी खरोखर उपयोगी.

त्याऐवजी वडिलांची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून फुप्फुसांची तपासणी, करा, पंप देण्याआधी आणि दिल्यानंतर. चुलवाणाच्या धुराने सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, झालेला असू शकतो, आणि त्याला सर्रास दमा म्हटलं जातं. सोबत रक्तदाब, साखर, लिपिड (रक्तातली चरबी), इसीजी आणि इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. इकोचा आग्रह माझा स्वतःचा आहे. माझ्या थोरल्या भावाला रात्री धाप लागायची, एका डॉक्टरांनी आठ महिने दमा म्हणून पंप दिला. त्याला आडवं झोपवत नव्हतं, उशा वाढत गेल्या, पायांवर सूज आली, आणि आम्हा घरच्यांना ते दिसत असून कळलं नाही. इको केला तेव्हा हृदय निम्म्यानेही काम करत नव्हतं. वडिलांना यातलं काही होतंय का, आज रात्रीच विचारा.

पुढे हृदयाच्या डॉक्टरांकडे गेलात तर दमा आहे हे पहिल्या वाक्यात सांगा. प्रोप्रॅनोलॉलसारख्या गोळीने दमेकऱ्याच्या श्वासनळ्या आवळतात. बिसोप्रोलॉलसारखी गोळी गरज पडल्यास जपून देतात. काही दमेकऱ्यांना अॅस्पिरिन सोसत नाही, पूर्वी कधी दुखण्याच्या गोळीने धाप लागली असेल तर तेही सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्या आणि पंप एका पिशवीत घालून न्या, आणि पंप कसा ओढतात ते डॉक्टरांसमोर करून दाखवायला लावा.

चुलत्यांना अटॅक कितव्या वर्षी आला आणि वडिलांचा एलडीएलचा जुना आकडा असेल तर इथे लिहा, मी बघतो.