आपल्याच गोळीबारात जवान गेला, तर लष्कर घरच्यांना खरं सांगतं का?

सांगतं, पण बऱ्याचदा उशिरा आणि नाइलाजाने. पॅट टिलमनचं प्रकरण बघा. अमेरिकन फुटबॉलमधलं करिअर सोडून अमेरिकी सैन्यात गेलेला हा माणूस २२ एप्रिल २००४ला अफगाणिस्तानात स्वतःच्याच पलटणीच्या गोळ्यांनी गेला. सोबतच्यांना लगेच कळलं होतं. तरी त्याचा गणवेश आणि चिलखती जाकीट जाळून टाकलं. शत्रूच्या गोळीबारात मेल्याचं भासवून सिल्व्हर स्टार पदक दिलं. सख्खा भाऊ केविन त्याच पलटणीत, त्यालाही पत्ता लागू दिला नाही. खरं जाहीर झालं महिन्याभराने, स्मृतिसभा उरकल्यावर.

धुमश्चक्रीत आपल्याच माणसावर गोळी सुटते, ते समजू शकतं. जाकीट जाळणं मात्र गोंधळात होत नाही. आईवडिलांनी पिच्छा पुरवला म्हणून चौकशांवर चौकशा झाल्या. २००७ मध्ये एका निवृत्त लेफ्टनंट जनरलवर ठपका आला. फौजदारी खटला कुणावरच नाही.

आपल्याकडे २७ फेब्रुवारी २०१९ला काश्मीरमधल्या बडगाममध्ये आपल्याच क्षेपणास्त्राने एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडलं. हवाईदलाचे सहा जण गेले, जमिनीवरचा एक नागरिकही. हवाईदलप्रमुख भदौरियांनी ‘मोठी चूक’ म्हणून ते जाहीर कबूल केलं, पण ऑक्टोबरमध्ये. मधे लोकसभा निवडणूक होऊन गेली होती, एवढंच सांगतो.